दादांचा कुळवृत्तांत आणि लिनक्स

आपल्या ग्रुपवर वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या आठवणी येतात. आज एका जुन्या कॉम्प्युटरची सांगतो, कारण त्यात आमच्या घराण्याचा इतिहास अडकून पडला होता.

आमच्या थोरल्या बंधूंनी, दादांनी, १९९९ साली इंदूरच्या घरी कॉम्प्युटर घेतला आणि दोन वर्षं बसून कुळवृत्तांत टाईप केला. जुन्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावं. दादांनी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारून लेकी-सुनांची नावं घातली. छापायचं राहून गेलं आणि दादा गेले. मशीनही बंद पडलं. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, कबाड़ी को दे दो." मी हार्ड डिस्क तेवढी काढून कपाटात ठेवली.

आता थोडं मागे जातो. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची मशीनं येऊ लागली. आमच्या शाखेतल्या मशीनवर युनिक्स होतं. काळा पडदा, त्यावर अक्षरं, बस्स. युनिक्स म्हणजे महागडं काम, घरी कोण घेणार?

हाच प्रश्न फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यापुढे होता. जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला. युनिक्ससारखी 'मिनिक्स' नावाची प्रणाली मागवली, पण फ्लॉप्या यायला वेळ लागला. तोवर हा पठ्ठ्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत बसला! मग २५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या २१व्या वर्षी, त्याने जाहीर केलं की हौस म्हणून मी स्वतःच एक प्रणाली बनवतोय. तीच लिनक्स. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ पासूनच्या ग्नू चळवळीतला.

याचा फायदा जुन्या मशीनांना झाला. कंपनीने हात वर केले तरी कोणीतरी हौशी माणूस हलकी आवृत्ती बनवतोच. अर्थात यालाही मर्यादा आहे. लिनसच्या त्या ३८६चा आधारसुद्धा लिनक्सने २०१२ च्या अखेरीस काढून टाकला. पण तोवर वीस वर्षं उलटून गेली होती!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरातला जुना लॅपटॉप निकालात निघायची वेळ आली. दिवाळीत नातू आला, त्याने पेनड्राईव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. मी म्हटलं, "अरे, त्यावर आमचा प्रिन्स चालेल का?" त्याने डॉसबॉक्स बसवलं आणि चालला की! आमच्या शाखेत सुट्टीच्या वेळी हाच खेळ चालायचा. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. नातू पहिल्याच मजल्यावर खिळ्यांवर पडला, तेव्हा आजोबांची कॉलर ताठ!

त्याच भरात कपाटातली डिस्क काढली. एका ॲडॉप्टरने लॅपटॉपला जोडली. डिस्क वाचली गेली, दादांची फाईल उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पोटात गोळाच आला.

नातवाने कारण सांगितलं. त्या काळी बऱ्याच मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तोच फाँट नसेल तर मजकूर निरर्थक. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. गंमत म्हणजे देवनागरीचा समावेश असलेली त्याची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, पण घरोघर पोचायला फार वर्षं लागली. मग त्याच डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरात दादांचा फाँट शोधला, लॅपटॉपवर टाकला, आणि खिचडीतून मराठी उमटलं. पहिलंच नाव दिसलं ते आजोबांच्या थोरल्या बहिणीचं, माहेरचं. आज हयात असलेल्यांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं. ज्यांनी दादांना सांगितलं, तेही सगळे गेले.

आता रोज दोन पानं युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करतोय. एकूण त्रेचाळीस आहेत. हात थरथरतो, पण होईल.

तुमच्याही माळ्यावर जुना डबा, फ्लॉपी, डिस्क असेल. कबाड्याला देण्याआधी एकदा घरातल्या पोरांना दाखवा. आणि फाईलबरोबर तिचा फाँटही उतरवून घ्यायला विसरू नका.