डोंबिवलीच्या संख्या

गणितातल्या एका संख्याकुळाला डोंबिवलीचं नाव लागलं आहे: डेम्लो संख्या. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या या स्टेशनात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करावा असं सुचलं. स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो. तेच त्यांनी संख्यांना दिलं. कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले आणि ठाण्यात शाळा शिकले. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ ते शाळेत शिकवत होते. जगभर त्यांचं नाव झालं ते ६१७४ या त्यांच्या नावाच्या स्थिरांकामुळे. पण माझ्या मते त्यांची नजर कशी होती, हे डेम्लो संख्यांतच जास्त नीट दिसतं.

२५५३ घ्या. कडेचे २ आणि ३ मिळवले की मधला ५ येतो. ४७७७३ मध्येही ४ आणि ३ मिळून मधले सात. मधले अंक कितीही वेळा येऊ देत, कडेच्या दोघांची बेरीज सुटत नाही. गुपित गुणाकारात आहे: २३ × १११ = २५५३ आणि ४३ × ११११ = ४७७७३. याच कुळातल्या ‘वंडरफुल डेम्लो’ संख्यांवर त्यांनी १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात लिहिलं. १, १२१, १२३२१, १२३४३२१... हे सगळे नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. त्यातल्या अंकांची बेरीज ८१.

दहा एकांचा वर्ग केला की मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. चढण मोडली, तिच्यातला आठ गायब झाला. असं का व्हावं? उभा गुणाकार मांडून पाहा. एकांच्या ओळी एकेक घर सरकत खाली येतात, मधल्या घरात दहा एक जमतात आणि हातचा घ्यावा लागतो. हातचा आला की नक्षी गेली.

म्हणजे ही मर्यादा संख्येची नव्हे, दहाच्या लेखनाची. आठाचे गठ्ठे बांधून, ० ते ७ एवढेच अंक वापरून लिहिलं, म्हणजे आठ हा पाया धरला, तर १२१ म्हणजे ६४ + १६ + १ = ८१, नऊचा वर्ग. बाराच्या पायावर तेच १२१ म्हणजे १६९, तेराचा वर्ग. तीन किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही पायावर १२१ हा वर्गच असतो, कारण तो (पाया + १) चा वर्ग आहे. २३ × १११ = २५५३ हेही आठाच्या पायावर जसंच्या तसं खरं ठरतं; आपल्या नेहमीच्या लेखनात ते १९ × ७३ = १३८७ होतं. हे मला फार मोलाचं वाटतं: कुळाचा गुण कुठला आणि लेखनाचा कुठला, हे पाया बदलल्याशिवाय कळतच नाही.

कापरेकरांच्या उमेदीत रुपयाही दहाचा नव्हता. १९५७ साली दशमान नाणी आली, तोवर सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा असा हिशेब चाले. सोळाच्या पायावर १२१ म्हणजे २८९, सतराचा वर्ग. आणि तिथे हातच्याविना चढण पंधरा एकांपर्यंत टिकते. दोनाच्या पायावर, जिथे संगणक आकडेमोड करतो, तिथे २ हा अंकच नाही. म्हणून ११ चा वर्ग १००१ होतो, म्हणजे नऊ, आणि चढण दुसऱ्याच पायरीला मोडते.