रॉड्रिग्ज खटला

अमेरिकेतील सरकारी शाळांच्या निधीतील विषमतेसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयातील खटला. पूर्ण नाव ‘सॅन अँटोनियो इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध रॉड्रिग्ज’. निकाल २१ मार्च १९७३.

अमेरिकेत शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही स्थानिक संस्था चालवते. आपल्या महसुली जिल्ह्याशी तिची गल्लत करू नये. एका शहरातही अशा अनेक संस्था असतात. तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा घरा-जमिनींवरील करातून येत असल्याने वस्ती गरीब, तर शाळाही गरीब. टेक्ससमधील सॅन अँटोनियोत एजवुड आणि अलामो हाइट्स यांची तुलनाच खटल्याचा कणा ठरली. एजवुडमधील सुमारे ९० टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे. अलामो हाइट्स सुखवस्तू गोऱ्यांची वस्ती. १९६७-६८ मध्ये एजवुडने १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर लावला, तरी दर विद्यार्थ्यामागे हाती आले २६ डॉलर. अलामो हाइट्सने अवघ्या ८५ सेंट दराने ३३३ डॉलर जमवले. राज्य व संघराज्याची मदत धरूनही प्रमाण ३५६ ला ५९४ असेच राहिले. गरीब पालकांना शिक्षणाची आच नसते, हा नेहमीचा आरोप इथे टिकत नाही. जास्त दराने कर एजवुडच भरत होते.

मे १९६८ मध्ये एजवुड हायस्कूलचे विद्यार्थी शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्याच वर्षी पत्राकाम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज व इतर पालकांनी दावा लावला. डिसेंबर १९७१ मध्ये खालच्या न्यायालयात ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा हक्क स्पष्टपणे नाही आणि गर्भितही मानता येत नाही, असे बहुमताच्या निकालपत्रात न्या. लुईस पॉवेल यांनी लिहिले. शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटला वकील म्हणून लढवलेले न्या. थर्गुड मार्शल यांनी तीव्र असहमती नोंदवली. त्यांची बाजू तर्काला अधिक धरून होती, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

संघराज्याचे दार बंद झाल्यावर लढा राज्यांच्या घटनांकडे वळला. १९८९ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची निधीपद्धत एकमताने घटनाबाह्य ठरवली आणि १९९३ च्या कायद्याने श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या महसुलाचा काही भाग इतरांकडे वळवला. लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ योजना म्हटले. १९७३ चा निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने अद्याप बदललेला नाही.