भावनगरचे अध्यापनमंदिर

सीमाभागातील मराठी शाळांच्या पटसंख्येचा विषय निघाला की सभांतून चर्चा होते ती इयत्ता पहिलीच्या प्रवेशांची. निवेदनांतही तोच आकडा असतो. अशी निवेदने आम्हीही पुष्कळ लिहिली आहेत. परंतु मूल मराठीपासून दुरावते ते पहिलीत नव्हे. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी, आईचा हात सोडून ते ज्या खोलीत प्रथम जाऊन बसते, तेथे ही गोष्ट घडून गेलेली असते. त्या खोलीतील बाई कोणत्या भाषेत शिकून आल्या आहेत, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. शंभर वर्षांपूर्वी काठेवाडातील भावनगर या संस्थानी शहरात हा प्रश्न कसा सोडवला गेला, आणि त्यात एका मराठी स्त्रीचा वाटा काय होता, हे येथे नोंदवीत आहोत.

भावनगरला नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था उभी केली. १९१६ मध्ये तेथे गिजुभाई बधेका दाखल झाले. ते आमच्याच पेशातले. वढवाणला त्यांची वकिली चालू होती. १९१३ मध्ये मुलगा झाला, त्याला शिकवायचे कसे या विचाराने ते माँटेसोरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले आणि मग वकिली सुटली ती सुटलीच. (वकिली सोडून मुलांत रमलेल्या माणसाविषयी आम्हाला थोडा मत्सरच वाटतो.) १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे तख्तेश्वर टेकडीवर त्याची इमारत झाली आणि कस्तुरबांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

संस्थेचे नावच पाहावे. ‘किंडरगार्टन’ हा फ्रोबेलने १८४० मध्ये योजलेला जर्मन शब्द आपण तसाच उचलला, आणि पुढे त्याची दोन इंग्रजी अक्षरे तेवढी शिल्लक ठेवली. भावनगरकरांनी ‘बालमंदिर’ म्हटले. नाव आपल्या भाषेत आले की आतला व्यवहारही त्याच भाषेत होतो, असे आमचे निरीक्षण आहे.

एक बालमंदिर चालले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हते. ते चालवणारी माणसे हवी होती. म्हणून १९२५ मध्ये अध्यापनमंदिर निघाले. परदेशी पद्धतीचे शिक्षक तयार करायचे, पण शिकवायचे गुजरातीतून, हे काम केवळ भाषांतराचे नव्हते. माँटेसोरीबाईंची पद्धत इटालियन मुलांसाठी बेतलेली. खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायचे, तर रोमन वर्णमालेला मोजकी अक्षरे पुरतात. आपल्या लिपींत मात्र काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे सारेच आले. त्यांचा क्रम मुळापासून लावावा लागतो. गोष्टींचेही तसेच. परीकथांविषयी माँटेसोरीबाई साशंक होत्या. गिजुभाईंनी येथे त्यांचे ऐकले नाही. त्यांनी लोककथा गोळा केल्या, मुलांना सांगितल्या, आणि गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्र शिक्षकांसाठी गुजरातीत लिहिले. जी शिक्षिका मुलांच्या भाषेत गोष्ट रंगवू शकत नाही, तिच्या हाती कितीही उत्तम साधने दिली तरी उपयोग काय?

या कामात १९२३ पासून गिजुभाईंच्या जोडीला होत्या ताराबाई मोडक. केळकरांच्या घरी १८९२ मध्ये जन्मलेल्या, पदवीधर, अमरावतीला वकील पतीचा संसार मागे ठेवून राजकोटला शिक्षिकांच्या बार्टन महाविद्यालयाच्या प्राचार्य झालेल्या ताराबाई तेथून भावनगरला आल्या आणि सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ प्रथम गुजरातीत निघाली आणि ताराबाई गुजरातीत लिहीत राहिल्या. ज्या मुलांना शिकवायचे त्यांची भाषा शिकणे हे त्यांना आपले काम वाटले. त्यामुळे त्यांची मराठी काही उणावली नाही. १९३३ मध्ये त्याच पत्रिकेची मराठी आवृत्ती त्यांनी काढली, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू करून भावनगरचे अध्यापन मराठीत आणले. दुसऱ्याच्या भाषेत राहून आपल्या भाषेसाठी काही कमावता येते, हे सीमेवरच्या आम्हा लोकांना वेगळे सांगायला नको. तरी आम्ही ते वरचेवर विसरतो.

गिजुभाई २३ जून १९३९ रोजी वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई स्वतः मद्रासला, अड्यार येथे आल्या. दोघांची भेट झाली नाही. भावनगरचे काम ग्रंथवाचनावर आणि मुलांच्या निरीक्षणावर उभे राहिले.

ताराबाई शहरात थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांना पुस्तकी मराठीही परकीच होती. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिका त्यांच्या पाड्यावर जाऊन अंगणातच वर्ग भरवू लागल्या. ती ‘अंगण बालवाडी’. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना आणली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. बेळगाव जिल्ह्यातील केंद्रांच्या फलकांवर हा शब्द आज कन्नड लिपीत लिहिलेला दिसतो.