कागदावरची खुर्ची

फर्निचरच्या जुन्या चित्रांकडे इतिहासकार पुरावा म्हणून पाहतो, तर हौशी वाचक शोभा म्हणून. चित्र वाचण्याचे मात्र दोघांकडूनही राहून जाते. रेषा, रंग आणि पोत यांपैकी काय कागदावर उतरले आणि ते कोणासाठी, हा प्रश्न विचारला की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रजी फर्निचरचित्रांत एखाद्या वाङ्मयप्रकारासारखी स्थित्यंतरे दिसू लागतात.

थॉमस चिपेंडेल या लंडनच्या व्यावसायिकाने १७५४ साली ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हा १६० चित्रपत्रांचा ग्रंथ काढला. १७६२च्या तिसऱ्या आवृत्तीत चित्रपत्रे २०० झाली. ग्रंथाच्या नावातच दोन वाचक आहेत : सद्‌गृहस्थ आणि कारागीर. चित्रेही या दोघांशी एकदमच बोलतात. कित्येक खुर्च्यांचा डावा पाय एका घाटाचा, तर उजवा दुसऱ्या घाटाचा. अशी खुर्ची कोणी घडवावी अशी अपेक्षाच नाही; ती केवळ कागदावर नांदते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर ही रेषा विध्यर्थी आहे. गिऱ्हाइकाने निवड करावी आणि सुताराने त्याबरहुकूम घडवावे. यातल्या काही आकृत्या नुसती देखणी चित्रे आहेत, प्रत्यक्षात उतरणार नाहीत, असा आक्षेप व्यवसायबंधूंनी घेतला होता. चिपेंडेलने प्रस्तावनेतच त्याला उत्तर दिले आहे.

रंग या ग्रंथात नाही. पोताची गंमत मात्र पाहण्याजोगी आहे. ‘रिबन-बॅक’ खुर्च्यांच्या पाठीवर रेशमी फीत गाठी घेत, वळत उतरते. पण ती लाकडात कोरायची आहे. ताम्रपटावरची छायारेषा रेशमाला आणि लाकडाला सारखीच न्याय देते, किंवा सारखीच अपुरी पडते. त्या अपुरेपणामुळेच कागदावर लाकूड बेमालूम रेशीम होते. प्रस्तुत लेखकाला ही चित्रे प्रत्यक्ष खुर्च्यांहून अधिक आवडतात, ती यासाठी.

थॉमस होप हा धनाढ्य संग्राहक. त्याने १८०७ साली डचेस स्ट्रीटवरील आपल्या घराची चित्रे ‘हाउसहोल्ड फर्निचर अँड इंटिरिअर डेकोरेशन’ या नावाने प्रसिद्ध केली. (पुढे १८१९ साली निनावी आलेली आणि काहींनी बायरनची समजलेली ‘अनास्टेशिअस’ ही कादंबरी याचीच.) होपने छायादेखील टाकून दिली. फ्लॅक्समनच्या होमरचित्रांसारखी नुसती बाह्यरेषा ठेवली. आसने ग्रीक कलशावरून उतरल्यासारखी निर्मळ दिसतात, पण थंडही वाटतात. मग रंगाचे काय? तो शब्दांत गेला. फ्लॅक्समनच्या उषःदेवतेच्या शिल्पासाठी सजवलेल्या दालनाचे वर्णन करताना होप सूर्योदयापूर्वीच्या मेघांच्या कडांचा अग्निवर्ण पडद्यांच्या सॅटिनमध्ये पाहतो आणि छतावर निळे आकाश पसरतो. शेजारचे चित्र मात्र पांढऱ्या कागदावरचा काळा आराखडाच राहते. चित्र आणि गद्य यांनी कामाची इतकी काटेकोर वाटणी केल्याचे उदाहरण विरळा. ते घर १८५१ साली पाडले गेले; त्या दालनाचा रंग आज शोधायचा तो मुख्यतः या वाक्यांत.

रंग कागदावर आणला रुडॉल्फ अकरमनने. हा जर्मनीतून लंडनला आलेला आणि गाड्यांच्या घडणीचे आराखडे करणारा कलावंत. त्याचे ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्‌स’ हे मासिक १८०९ पासून १८२८ अखेरपर्यंत चालले. त्यातल्या फर्निचरचित्रांवर हाताने रंग भरलेला असे. येथे डावा-उजवा विकल्प संपतो. सोफा पूर्ण, पडदा पूर्ण. सुताराने मोजमाप घ्यावे असे फारसे काही उरलेले नाही. रंग बोलतो तो घेणाऱ्याशी. चिपेंडेलच्या ग्रंथातला दुसरा वाचक या पानांवरून जवळजवळ निघून गेला आहे, आणि या स्थित्यंतरात आपण काही गमावले असे वाटते.

पोतापुढे मात्र अकरमननेही हात टेकले. आरंभीच्या वर्षांत त्याने एक साधा मार्ग काढला : काष्ठठशाची शोभिवंत चौकट छापायची आणि तिच्यात खऱ्या कापडाचे लहान तुकडे डकवायचे. सजावटीचे छापील सुती कापड, मलमल, रेशीम असे नमुने मासिकाच्या पानावर येऊन बसले. समोरच्या पानावर त्या कापडांचे वर्णनही असे, पण वाचणाऱ्याचे बोट आधी तुकड्याकडे जात असणार.