सम्राटाची चाल

१७९६ सरता सरता व्हिएन्नातल्या काउंट झाउराऊ या बड्या अंमलदाराला एका गाण्याची निकड भासली. नेपोलियन उत्तर इटलीत ऑस्ट्रियाच्या फौजांना पिटाळत होता आणि फ्रेंच शिपायांच्या तोंडी ‘मार्सेयेज’ होतं. ऑस्ट्रियाकडे तोफा होत्या, गाणं नव्हतं. संगीतकार हायडननं लंडनच्या मुक्कामात इंग्रजांना ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणताना ऐकलं होतं. तसंच काही आपल्याकडेही हवं, असं ठरलं. हाश्का नावाच्या कवीनं शब्द लिहिले, हायडननं चाल बांधली. १२ फेब्रुवारी १७९७ रोजी, सम्राट फ्रान्सिसच्या वाढदिवशी, व्हिएन्नात आणि प्रांतोप्रांतीच्या नाट्यगृहांत ते म्हटलं गेलं. इटलीतला मांतुआचा किल्ला पडून तेव्हा दहा दिवस झाले होते.

गाण्यात देवाकडे मागणं आहे ते सम्राटासाठी. लोक त्यात येतात, पण त्याची रयत म्हणून. दुसरं करणार तरी काय? जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन, इटालियन या साऱ्यांत सामाईक होता तो एक माणूसच. तो १८३५मध्ये वारला आणि त्याच्या नावाभोवती गुंफलेले शब्दही त्याच्याबरोबर गेले. मग प्रत्येक सम्राटागणिक डागडुजी. १८५४मध्ये झाइडलचे शब्द अधिकृत झाले आणि साम्राज्यातल्या एकेका भाषेत त्यांचे अनुवाद निघाले. चाल मात्र सगळ्यांना हायडनचीच.

याच १७९७च्या जुलैत इटलीतल्या रेज्जो गावी आणखी एक गाणं जन्मलं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंडचा शेवटचा तुकडा वाटून घेतल्याला दोन वर्षं झाली होती. फ्रेंचांच्या बाजूनं लढायला पोलिश पलटणी उभ्या राहत होत्या. त्यांत फ्रान्सिसच्याच सैन्यातून फ्रेंचांच्या हाती सापडलेले शिपाईही होते. युझेफ विबित्स्कीनं त्यांच्यासाठी गाणं लिहिलं. राज्य बुडालं तरी आम्ही जिवंत आहोत तोवर देश आहे, असं त्याचं म्हणणं. आज ते पोलंडचं राष्ट्रगीत आहे. एकाच सालची ही दोन अपत्यं: एकाला राजा पुरेसा, दुसऱ्याला राजाच काय, राज्यही लागत नाही. माझ्या मते ऑस्ट्रियाचं पुढचं शतक या दुसऱ्या गाण्यात अधिक स्पष्ट दिसतं.

हायडनच्या चालीला खरा धक्का बसला तो प्रेमानं. २६ ऑगस्ट १८४१ रोजी हेल्गोलँड या तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बेटावर हॉफमन फॉन फालर्सलेबेन या प्राध्यापकानं त्याच चालीवर नवे शब्द रचले. सिनेमाच्या चालीवर आरती बसवणाऱ्या आपल्या मंडळांना यात नवल वाटायचं नाही. पण इथं देव बदलला होता. सम्राट गेला आणि त्याच्या जागी जर्मनी आली. अशा नावाचं एकसंध राज्य तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. कवीनं तिच्या सीमा पाण्यानं आखल्या, त्यातली आदिजे नदी तर हॅब्सबर्ग घराण्याच्या मुलखातली. साम्राज्य बांधायला केलेल्या चालीवर त्याच साम्राज्यातल्या जर्मनांना बाहेर बोलावलं जात होतं. पुढच्याच वर्षी प्राध्यापकाची नोकरी गेली, पण त्याला कारण त्याच्या दुसऱ्या राजकीय कविता.

हंगेरीत या चालीचा तिटकाराच होता. १८४८-४९चा उठाव ऑस्ट्रियानं रशियाच्या मदतीनं चिरडला आणि अराडला तेरा सेनानींना देहदंड दिला. १८६७च्या तडजोडीनंतर हंगेरीला जवळजवळ बरोबरीचा मान मिळाला. तिचं स्वतःचं गीतही होतं, कोल्चेईचे शब्द आणि एर्केलचं संगीत. पण सामाईक लष्कराचे बँड बुडापेस्टमध्येही ‘गोटरहाल्टे’, म्हणजे हायडनचं सम्राटगीतच वाजवत. जानेवारी १९०४मध्ये बावीस वर्षांच्या बेला बार्टोकची त्या उठावाच्या नेत्यावरची ‘कोशुत’ ही रचना बुडापेस्टमध्ये सादर झाली. ऑस्ट्रियाची फौज चालून येते त्या जागी त्यानं हायडनची चाल वेडीवाकडी करून घातली होती. वाद्यवृंदातले काही ऑस्ट्रियन वादक कुरकुरले. श्रोत्यांना मात्र काय ऐकतोय ते सांगावं लागलं नाही. शंभर वर्षं सक्तीनं ऐकवल्यामुळे ती चाल सगळ्यांना पाठ होती, म्हणून तर थट्टा साधली.

१९१८मध्ये साम्राज्य मोडलं, चाल उरली. १९२२मध्ये जर्मन प्रजासत्ताकानं फालर्सलेबेनचं गीत राष्ट्रगीत केलं. छोट्या ऑस्ट्रियन प्रजासत्ताकानं आधी दुसरं गीत चालवून पाहिलं आणि १९२९मध्ये नव्या शब्दांसह हायडनकडेच परत आलं. त्यामुळे मार्च १९३८मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळली तेव्हा चाल बदलायचीही गरज पडली नाही, शब्द तेवढे बदलले.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीनं १९५२मध्ये चाल ठेवली आणि समारंभांत फक्त तिसरं कडवं म्हणायचं ठरवलं. एकीकरणानंतर १९९१मध्ये तेवढंच कडवं राष्ट्रगीत ठरलं. ऑस्ट्रियाला मात्र ती चाल आता नको होती. १९४६मध्ये त्यांनी तेव्हा मोझार्टची मानली जाणारी दुसरी चाल निवडली. पुढच्या वर्षी ज्यांचे शब्द स्वीकारले, त्या पाउला फॉन प्रेरादोविच या क्रोएशियन कवी पेटार प्रेरादोविचच्या नात, आणि हे आजोबा सम्राटाच्या सैन्यात जनरल होते.