राजा न म्हणवितां राज्य : एका लॅटिन विशेषणाची कथा

आपण ऑगस्ट महिना म्हणतों, तेव्हां आपल्या तोंडीं एक लॅटिन विशेषण येत असतें. 'आउगुस्तुस' हें त्याचें मूळ रूप. मराठींत पांढरा, पांढरी, पांढरें, तसें लॅटिनमध्यें आउगुस्तुस, आउगुस्ता, आउगुस्तुम. अर्थ पूज्य, पवित्र. देवळांना व मंत्रपूत स्थानांना तें लावीत. वाढविणें या अर्थाच्या 'आउगेरे' धातूशीं त्याचें नातें आहे. आपले 'ओजस्' आणि 'उग्र' हे शब्दहि भाषाशास्त्रज्ञ त्याच मुळाशीं नेऊन पोंचवितात.

इ. स. पूर्वीं २७ सालीं, १६ जानेवारीस, रोमच्या सेनेटनें हें विशेषण ऑक्टेव्हियनला अर्पण केलें. यादवी जिंकून तो सत्ताधीश झाला होता. पण स्वतःस म्हणवून काय घ्यावें, हा पेंच उरलाच होता. 'रेक्स' म्हणजे राजा, या नामाचा रोमन लोकांस मोठा तिटकारा. राजपदाचा हव्यास असल्याच्या संशयानेंच त्याचा दत्तक पिता जूलियस सीझर इ. स. पूर्वीं ४४ मध्यें प्राणांस मुकला होता. कांहीं सभासदांनीं 'रोम्युलस' हें नांव सुचविलें. पण रोम्युलस नगराचा संस्थापक, तसाच पहिला राजाहि. शिवाय कथेप्रमाणें भावाच्या रक्तानें हात माखलेला! अखेर प्लँकस नांवाच्या सभासदाच्या सूचनेवरून 'आउगुस्तुस' ठरलें. त्यांत ना पद, ना अधिकार. मग विरोध करावयाचा तरी कशास? पुढें आपल्या कार्याचा वृत्तांत लिहितांना त्यानें म्हटलें आहे, कीं अधिकारानें आपण सहकाऱ्यांहून अधिक नव्हतों, 'आउक्तोरितास' म्हणजे वजन तेवढें सर्वांहून अधिक होतें. हा शब्दहि त्याच धातूचा! राजकारणानें व्याकरणाचा याहून धूर्त उपयोग केलेला माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

इ. स. पूर्वीं ८ मध्यें 'सेक्स्तिलिस' म्हणजे सहाव्या महिन्यास (पूर्वीं वर्ष मार्चापासून धरीत) हें नांव मिळालें. येथेंहि तें विशेषणच राहिलें. महिना म्हणजे 'मेन्सिस', आपल्या 'मास' शब्दाचा आप्त. तो पुल्लिंगी, म्हणून 'आउगुस्तुस'. महिन्याचा पहिला दिवस 'कालेन्दाए' हा स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून लागलीच 'कालेन्दाए आउगुस्ताए'. आपल्या 'ऑगस्ट'ला मात्र लिंग-वचनाचा हा विकार उरलेला नाहीं.

इ. स. १४ मध्यें तो वारला. मृत्युपत्रान्वयें पत्नी लिव्हिया ही 'आउगुस्ता' झाली; मागाहून आलेल्या सम्राटांनींहि तो शब्द उचलला. इ. स. २९३ मध्यें डायोक्लीशियननें चौघांत राज्यकारभार वांटला, तेव्हां कनिष्ठ दोघे 'सीझर' आणि वरिष्ठ दोघे 'आउगुस्ती' ठरले. विशेषणाचें नाम झालें होतें, आणि त्याचें अनेकवचनहि सिंहासनावर बसलें होतें.