लहान खोलीतला ध्वनिवर्धक

घरात रेडिओ किंवा गाण्याचे यंत्र आणले की ते कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जिथे कोनाडा असेल, जिथे विजेचे बटण असेल, तिथे ते बसते. मग बातम्यांतले शब्द नीट कळत नाहीत, डग्गा नुसता घुमतो, आणि सगळा दोष यंत्राच्या माथी मारून माणसे त्याहून मोठा स्पीकर विकत आणतात. पैसे जातात आणि घुमारा वाढतो! म्हणून आज या विषयाचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे. गेल्या शंभर वर्षांत यंत्र बदलले हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपली खोलीही तितकीच बदलली, इकडे आपले लक्षच गेले नाही.

प्रारंभी नुसता कर्णा होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी गावयाचे आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या कर्ण्यासमोर बसावयाचे. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले. त्याच साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी नव्या ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू. वेटोळे हलले की शंकू हलतो आणि हवा हलवतो. आज तुमच्या घरातला स्पीकर बहुधा याच घडणीचा आहे. मिरजेत राहिलेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे निधन १९३७ साली झाले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रिका या विजेच्या काळातल्या, म्हणून त्या आवाजातला बारीक पदर आजही कानी येतो.

या शंकूची एक खोड आहे. तो पुढे हवा ढकलतो, त्याच क्षणी मागे हवा विरळ होते. मागची लाट पुढे आली की दोघी एकमेकींना खातात आणि खालचे स्वर नाहीसे होतात. म्हणून त्याला पेटी हवी. मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याची इथे आठवण होईल, पण दोहोंचे काम वेगळे. भोपळा तारेचा नाद खुलवितो. पेटी मागची लाट कोंडून ठेवते. १९५४ साली एडगर विल्चर याने हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखविला. तेव्हा लहान खोलीला लहान पेटी पुरते, हे ठरून बरीच वर्षे झाली. दुकानदार मात्र ते सांगणार नाही.

आता खोलीकडे या. आपले जुने घर कसे होते? मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, वर माळवद, वलणीवर घोंगड्या आणि गोधड्या. आवाज मुरायला जागा होती. आज विश्रामबागेतली दहा बाय बाराची खोली बघा: सिमेंटचा गिलावा, खाली फरशी, वर स्लॅब, खिडकीला काच. आवाज जाईल कुठे? १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात हीच अडचण आली. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजविली आणि घड्याळ लावून घुमारा मोजला. गाद्या वाढल्या तसा तो उतरत गेला, तो अखेर सेकंद-सव्वा सेकंदावर आला. वास्तूतला आवाज मोजण्याचे शास्त्र असे गाद्यांतून निघाले!

मात्र गोधडी वरचे स्वर गिळते. खर्जापुढे तिचे काही चालत नाही. त्याचे गणित निराळे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर सेकंदाला ५६ कंपनांचा स्वर तिथे अडकून फुगतो. आठ फुटांत ७० चा. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ कंपनांचा, म्हणजे नेमका तोच! लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्हीकडचे फुगवटे एकाच स्वरावर येतात. म्हणून चौरस खोली सर्वांत वाईट.

मग यंत्र कोठे ठेवावे? कोपऱ्यात नको, तिथे खालचा स्वर अवाजवी वाढतो. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर त्याहून वेगळे. उंची बसणाऱ्याच्या कानाएवढी. आपणही भिंतीला टेकून बसू नये, तिथे घुमारा जास्त. अगदी मध्यावरही नको, कारण तिथे तोच स्वर हरवतो. बारा फुटी खोलीत मागच्या भिंतीपासून चारेक फूट बरे. दोन स्पीकर असतील तर ते दोन आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. दोन स्पीकरांची ही कल्पना ब्लमलाइन या इंग्रजाने १९३१ सालीच नोंदवली होती.

शिक्षकांसाठी आणखी थोडे. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरविली. त्यांत उत्तर सातारा आणि कोल्हापूर होते; आपला जिल्हा, तेव्हाचा दक्षिण सातारा, मधल्यामध्ये राहून गेला. (सांगलीला स्वतःचे केंद्र मिळाले १९६३ साली.) तिथे माणसे गाणे ऐकायला नव्हे, तर ऐकून चर्चा करायला बसत, एक शब्द हुकला तर खताचे प्रमाण चुकायचे. शाळेतही तसेच आहे. शब्दाची ओळख त्यातल्या बारीक व्यंजनांवर असते आणि घुमारा नेमकी तीच पुसतो. वर्गात स्पीकर फळ्याच्या बाजूला, मुलांच्या डोक्यांहून जरा वर, किंचित खाली झुकवून ठेवावा. मागच्या भिंतीला कापडी तक्ते किंवा पोती लावावीत. घरी बाजूच्या भिंतीसाठी सोपी युक्ती आहे. आपण जागेवर बसावे आणि मुलाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तेवढ्याच जागी घोंगडी टांगावी.